तिसऱ्या चॅनलवरचा नट

त्यांचा श्वास मला पहिल्याच दिवशी ऐकू आला होता, पण तेव्हा मला तो वारा वाटला. रियाधजवळच्या अल खर्जच्या पलीकडे चुनखडीच्या उघड्या टेकड्या आहेत, तिथे आमचं शूटिंग चालू होतं, आणि तिथला वारा कधी थांबत नाही. कॉलरमाइकला फरचं टोपडं घातलं तरी आत शिरतो. मी तिसऱ्या चॅनलचा आवाज जरा खाली घेतला आणि पुढच्या टेकच्या आधी त्यांच्या शर्टात माइकची जागा बदलली. तरी ती बारीक शीळ गेली नाही. दुपारी वारा पडला, तेव्हाही ती होतीच.

मी साउंडचं काम करते. पुण्यात शिकले, मग मुंबईत मालिकांच्या सेटवर बरीच वर्षं बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माइक, धरून उभी राहिले. नवऱ्याला रियाधला बँकेत नोकरी लागली तेव्हा सगळं आवरून इकडे आलो. मुलगी कडेवर होती. तेव्हा इथे थिएटरंच नव्हती, मग माझ्या कामाचा प्रश्नच नव्हता. आता मुलगी नववीत आहे. मधल्या काळात इथे थिएटरं उघडली, बाहेरची युनिटं शूटिंगला यायला लागली, आणि बायकांच्या कपड्यांत माइक लावायला बाईच हवी म्हणून माझ्यासारखीचा शोध सुरू झाला. या अमेरिकन सिनेमावर मी साउंड असिस्टंट होते. माझा चीफ जॉर्डनचा, कमी बोलणारा माणूस. सिनेमात बायका फारशा नव्हत्याच, त्यामुळे त्याने मला तिसरा चॅनल दिला. म्हणजे या म्हाताऱ्या नटाचा माइक लावायचा, काढायचा, आणि दिवसभर त्यावर कान ठेवायचा.

गोष्ट साधी होती. तेल शोधायला आलेला एक अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ कामाची मुदत संपूनही परत जात नाही, वाळवंटातच राहतो. कित्येक वर्षांनी मुलगा त्याला शोधत येतो. मुलगा म्हणजे हिरो. बाप म्हणजे आमचे म्हातारबाबा. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, उंच पण खांद्यातून वाकलेले, मोठाले कान, आणि भुवया अशा की डोळे त्यांच्या सावलीत राहावेत. त्यांचं नाव सेटवर फार थोड्यांना माहीत होतं. चेहरा मात्र सगळ्यांना माहीत होता. मी घरी त्यांचा फोटो दाखवला तर मुलगी ओरडली, "मम्मा, आय नो हिम! ही इज दॅट जज!" मग म्हणाली, "नो, वेट, बस ड्रायव्हर." मग नाव शोधायला लागली आणि तिला ते सापडेपर्यंत जेवण झालं.

माइक लावला की आम्हाला आवाजाची पातळी तपासायची असते. त्यासाठी नटाने काहीतरी बोलायचं. बहुतेक जण वन-टू-थ्री म्हणतात, किंवा सकाळी काय खाल्लं ते सांगतात. पहिल्या सकाळी व्हॅनमध्ये मी म्हटलं, "सर, काहीतरी बोला." तर ते म्हणाले, "खरं बोलू की खोटं?"

"खरं चालेल."

मग त्यांनी सांगितलं की तिशीपर्यंत ते हार्डवेअरच्या दुकानात होते. बर्फाळ गावातलं दुकान, खिळे, कुलपं, रंगाचे डबे. एकदा एका नाटक कंपनीला शिडी पोचवायला गेले. पोस्टमनचं काम करणारा त्या दिवशी तापाने फणफणलेला. कुणीतरी त्यांच्या अंगावर कोट चढवला आणि सांगितलं, आत जा, उभा राहा, मालकीणबाई बोलायच्या थांबल्या की बाहेर ये. "त्या थांबेचनात," ते म्हणाले. "मी ऐकत राहिलो. बाहेर आलो तर मॅनेजर म्हणाला, उद्या पण ये. शिडीचे पैसे अजून दिलेले नाहीत त्यांनी."

आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, मी इथे मराठीत लिहितेय. मला आवाजाची पातळी मिळून जायची, तरी मी त्यांना थांबवायची नाही. रोज एक तुकडा. शहरात गेले, बायको शाळेत शिकवायची आणि तिच्या पगारावर घर चालायचं. मग छोट्या छोट्या भूमिका: शेरीफ, तुरुंगाचा पहारेकरी, पाद्री, बस ड्रायव्हर, जज. अर्ध्या सिनेमात हिरोच्या आधी गोळी खाणारा पोलीस. एकदा पन्नाशीत मुख्य भूमिका मिळाली होती. सिनेमा पुरा झाला, निर्माते आपसांत भांडले, आणि तो सिनेमा कुठल्याशा गोदामात पडून राहिला. कुणीच पाहिला नाही, त्यांनीही नाही.

"ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येऊन नकारार्थी मान हलवणारा डॉक्टर मी किती वेळा केलाय, विचारू नकोस," एका सकाळी ते म्हणाले. "माझ्या बायकोच्या वेळी खरा डॉक्टर बाहेर आला ना, तो दारातच होता, अजून माझ्याकडे बघितलंही नव्हतं त्याने. मला त्याच्या खांद्यांवरून कळलं. मनात आलं, चांगलं करतोय हा, अभिनय कमी करतोय." एवढं सांगून त्यांनी शर्टाचं बटण लावलं आणि विचारलं, "मिळाली तुझी पातळी?"

त्याच दिवशी मला ती शीळ काय आहे ते कळलं.

शॉट संपला होता. हिरो आणि दिग्दर्शक छत्रीखाली मॉनिटर बघत होते. म्हातारबाबा एकटेच खडकामागे गेले. माइक बंद करायला मी जाणारच होते, तेवढ्यात हेडफोनमध्ये झाकण उघडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ फुस्स, फुस्स. मग बराच वेळ काही नाही. मग स्वतःशीच पुटपुटलेलं, "आज नको. आज नको."

तो आवाज मला ठाऊक होता. साताऱ्याला माझ्या सासऱ्यांकडे तसाच स्प्रे होता. छातीत कळ आली की जिभेखाली मारायचा. ते देवघराच्या फळीवर ठेवायचे आणि कुणी बघत नाहीसं पाहून मारायचे. घरात सगळ्यांना ऐकू जायचा.

मी खडकाकडे गेले. ते दगडावर बसले होते, ओठ पांढरट, कपाळावर घाम. एप्रिलची सकाळ, अजून ऊनही तापलं नव्हतं. मी माइकच्या वायरला हात लावला तेव्हा त्यांनी माझ्या कानांवरच्या हेडफोनकडे पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं.

"तू ऐकतेस," ते म्हणाले.

"माझं कामच आहे ते, सर."

"अजून कोण ऐकतं?"

"चीफकडे सगळे चॅनल असतात. पण टेक संपला की तो हेडफोन काढतो."

त्यांनी स्प्रे खिशात टाकला. मग हळू आवाजात म्हणाले, "विम्याच्या डॉक्टरने मला तपासून पास केलंय, खोटं सांगत नाही. इकडे आल्यावर विमानाचा जिना उतरताना पहिल्यांदा दुखलं. हॉटेलजवळच्या फार्मसीतून हे घेतलं."

"नर्सला सांगा."

"सांगितलं तर मी उद्याच्या विमानात असेन."

"मग बसा विमानात."

त्यांनी भुवया वर केल्या. माझा सूर मलाही जरा कडक वाटला. पण भीती लपवायला दुसरं काही सुचलं नव्हतं.

तेव्हा त्यांनी त्यांच्या मोठ्या सीनबद्दल सांगितलं. बाप मुलाला सांगतो की तो घरी का परतला नाही. गुहेत, खुर्चीवर बसून. संवादाची तीन पानं, सगळी बापाची. "मी आयुष्यभर समोर उभा राहून ऐकलंय," ते म्हणाले. "हिरो बोलतो, कॅमेरा माझ्या खांद्यावरून त्याचं तोंड बघतो. मी ऐकतो आणि ते नीट ऐकतो, म्हणून मला पुन्हा बोलावतात. इतकं बोलायला एकदाच मिळालं, ते गोदामात पडलंय. बसून करायचंय, मुली. खुर्चीत बसून. त्याने कुणी मरत नाही."

"आणि टेकडी चढायचा शॉट?"

"तो शेवटच्या दिवशी आहे. बोलायचा सीन परवा. तो झाला की मी स्वतः नर्सकडे जातो. टेकडीवर दुसऱ्या कुणाला तरी माझा कोट घालून चढवतील. लांबून कुणाला कळणार आहे?"

त्यात चूक काढण्यासारखं काही सापडेना. मी म्हटलं, "परवा संध्याकाळपर्यंत. तोवर जिना नाही, चढ नाही. आणि परवा तुम्ही गेला नाहीत तर मी जाणार."

"ठीक," ते म्हणाले, आणि हात पुढे केला. तो हात गार होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे नवरा मला युनिटची गाडी जिथून सुटते तिथे सोडायला येत होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो बँकेत धोके तपासायच्या विभागात आहे. त्याने गाडीचा वेग कमी केला.

"तू आजच सांगून टाक," तो म्हणाला.

"मी शब्द दिलाय."

"आणि आज काही झालं तर? पोलीस येतील, जबाब घेतील. माहीत होतं का, तर होतं. कुणाला सांगितलं, तर नाही. तुझा राहायचा इकामा माझ्या नोकरीवर आहे, तुझ्या कामाचा परवाना सिनेमापुरता. जरा पोरीचा विचार कर."

"पोरीचा विचार करूनच बोलतेय. त्यांच्या जागी तुझे बाबा असते तर?"

"बाबांचा स्प्रे आपण सगळे ऐकत बसलो होतो," तो म्हणाला, "आणि कुणी काही केलं नाही."

 दुधाचे मोठे टँकर अल खर्जकडून शहराकडे येत होते, त्यांचे दिवे आमच्या काचेवर पडून सरकत होते. उतरताना तो म्हणाला, "पाणी पीत जा. आणि फोन चालू ठेव." तो रागावला की असंच काहीतरी सांगतो.

तो दिवस पार पडला. एकदा फुस्स ऐकू आलं, एकदाच. माझं जेवणात लक्ष नव्हतं. सेटवर नर्स केरळची होती, आम्ही हिंदीत बोलायचो. मी तिच्या तंबूसमोरून पुन्हा पुन्हा जात होते. ती म्हणाली, "दीदी, तबियत ठीक नहीं क्या? चक्कर लगा रही हो."

"गर्मी है," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही टेकड्यांवर पोचलो तेव्हा आकाश पिवळं होतं. धुळीचं वादळ दुपारनंतर येणार असा इशारा होता. असिस्टंट डिरेक्टर वॉकीटॉकीवर सगळ्यांना नवा क्रम सांगत होता. गुहेचा सीन आत आहे, वादळात आत कधीही करता येईल. बाहेरचे शॉट आधी उरकायचे. पहिला शॉट, टेकडी.

मी व्हॅनकडे धावले. ते कोट घालून तयार होते.

"सर, आता नर्सकडे चला. मी येते बरोबर."

"आता गेलो तर तो सीन गेला."

"चढ नाही असं ठरलं होतं आपलं."

"अर्धाच चढायचाय. मी बोललोय दिग्दर्शकाशी. पायवाट आहे. सावकाश जाणारा म्हातारा दाखवायचाय ना, मग सावकाश जाईन." ते हसले. "लाव माइक."

"या शॉटला आवाज घेत नाहीयेत. कॅमेरा फार लांब आहे."

"तरी लाव," ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं की तेही घाबरले आहेत. मी माइक लावला. चिकटपट्टी दोनदा सुटली. ते खाली बघत होते, माझ्या हातांकडे. त्या सकाळी त्यांनी काहीच सांगितलं नाही आणि मीही बोला म्हटलं नाही.

कॅमेरा दरीच्या अलीकडे लावला होता, टेकडी पलीकडे. मधे दगडांचा उतार आणि सुकलेला ओढा. त्यांना गाडीने वळसा घालून पायथ्याशी सोडलं आणि गाडी शॉटमध्ये दिसू नये म्हणून मागे घेतली. त्या पांढऱ्या टेकडीवर ते एकटेच, बोटभर दिसणारे. चीफने हेडफोन काढून गळ्यात अडकवला आणि चहा घ्यायला गेला, कारण आवाज घ्यायचाच नव्हता. मी तिसरा चॅनल चालू ठेवला. इतक्या लांबून आवाज तुटत येत होता. मी अँटेना उचलून दोन्ही हातांनी धरला आणि त्यांच्या दिशेने केला.

ॲक्शन झालं.

बुटांखाली खडी. श्वास. शीळ. पुन्हा खडी. पहिल्या वळणापर्यंत सगळं ठीक होतं, मी स्वतःला तसं सांगत होते. दिग्दर्शक, तिशीतला तरुण अमेरिकन, मॉनिटरला नाक लावून म्हणत होता, "सुंदर. सुंदर चालतोय. हा माणूस सोनं आहे." मॉनिटरवर खरंच सुंदर दिसत होतं. पिवळं आकाश, पांढरा चढ, थांबत थांबत जाणारा काळा कोट. तो थांबला की दिग्दर्शक मान डोलवायचा. त्याला तो अभिनय वाटत होता.

माझ्या कानात खडीचा आवाज थांबला. श्वास आत जायचा आणि बाहेर यायला वेळ लागायचा. मग ते बोलले. अगदी हळू, माझ्याशी, कारण दुसरं कुणी ऐकत नव्हतं हे त्यांना माहीत होतं.

"मुली, आहेस ना?"

मी उत्तर देऊ शकत नव्हते. माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचायची काही सोयच नव्हती.

"हाताला मुंग्या येतायत," ते म्हणाले. "थांबवू नकोस त्यांना. होईल पुरा."

मग खिशात चाचपल्याचा आवाज, कापडाची खसखस, आणि दगडावर काहीतरी पडून घरंगळत गेल्याचा टणटण आवाज. स्प्रेची बाटली. ती खाली खाली जात राहिली, मला प्रत्येक टप्पा ऐकू येत होता.

सेटवर कट म्हणायचा अधिकार एकट्या दिग्दर्शकाचा. हे कुणी शिकवावं लागत नाही. मी मुंबईत इतकी वर्षं काढली, लाइट डोक्यावर पडता पडता वाचले तेव्हाही मी कट म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मी अँटेना टाकला आणि ओरडले, "थांबवा! अहो थांबवा, त्यांना अटॅक येतोय!" मराठीत. सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणाला शब्द कळला नाही. दिग्दर्शकाने मागे न बघता हात वर केला, गप्प बस असा. मी मॉनिटरसमोर जाऊन उभी राहिले, त्याच्या आणि चित्राच्या मधे, आणि इंग्रजीत सांगितलं, "तो अभिनय नाहीये. त्यांना हृदयाचा त्रास होतोय. मला ऐकू येतंय." आणि माझा हेडफोन काढून त्याच्या कानांवर घातला.

त्याने काय ऐकलं मला माहीत नाही. त्याचा चेहरा उतरला एवढं दिसलं.

कुणीतरी जीप काढली. मी नर्सला हाताला धरून ओढतच आणलं, जीपमध्ये मागे बसवलं. वळसा घालून पोचेपर्यंत ते वळणावर खाली बसले होते, पाठ दगडाला टेकलेली, एक हात दुसऱ्या हाताने धरलेला. नर्स मला रस्त्यात विचारत होती, आणि मी सांगत होते, स्प्रे, कधीपासून, किती वेळा. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग ॲस्पिरिनची गोळी चावायला दिली, ऑक्सिजन लावला, आणि ड्रायव्हरला म्हणाली, "यल्ला, यल्ला, अल खर्ज, हॉस्पिटल."

वाटेत धूळ आली. पुढची गाडी दिसेना, नुसते लाल दिवे. ड्रायव्हर खिडकीला चिकटून रस्त्याची कड शोधत होता. म्हातारबाबांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. त्यांनी मास्क बाजूला सारला.

"तू माझा सीन घालवलास," ते म्हणाले.

नर्सने मास्क पुन्हा तोंडावर बसवला.   त्यांच्या माइकचा ट्रान्समीटर अजून कमरेला होता, त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

अल खर्जच्या हॉस्पिटलात त्यांना लगेच आत घेतलं, आणि संध्याकाळी रियाधला हलवलं. दोन रक्तवाहिन्या जवळपास बंद होत्या. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा चढ चढले असते तर आमच्यापर्यंत पोचलेच नसते. हे मला नर्सने फोनवर सांगितलं. मग म्हणाली, "दीदी, तुम जानती थी?" मी हो म्हटलं.  "मुझे बोलना था," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाने मला बोलावलं. प्रॉडक्शन मॅनेजर शेजारी बसला होता. मला कधीपासून माहीत होतं, हा दिग्दर्शकाचा पहिला प्रश्न. मी खरं ते सांगितलं. तो रागाने लाल झाला, मग उठून खिडकीशी गेला. "तू त्याला वाचवलंस," तो तिकडे तोंड करून म्हणाला, "आणि तूच त्याला तिथवर जाऊ दिलंस. मी काय करू तुझं?" मला राग आला. चढ शेवटच्या दिवशी होता, क्रम त्यांनी बदलला होता. पण ते मी बोलले नाही, कारण त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. प्रॉडक्शन मॅनेजरने हात झटकले, "खलास," म्हणाला, आणि माझं त्या सिनेमावरचं काम तिथे संपलं. चीफ दारापर्यंत आला. माझी हेडफोनची पेटी त्याने स्वतः पुसून आणली होती. "पुढच्या कामाला मी तुलाच बोलावणार," एवढं बोलून तो आत गेला.

नवऱ्याने ऐकून घेतलं. मी म्हणणार होते की बघ, तू म्हणालास तसंच झालं. पण त्यानेच चहा टाकला आणि विचारलं, "कसे आहेत ते?"

आठवड्याने मी हॉस्पिटलात गेले. पहिल्यांदा त्यांनी भेटायला नकार दिला. बाहेर बाकावर त्यांची मुलगी बसली होती, अमेरिकेहून आलेली, माझ्याच वयाची, भुवया अगदी बापाच्या. मी कोण ते कळल्यावर तिने माझे दोन्ही हात धरले. "त्यांनी घरीही कुणाला सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "आई गेल्यापासून ते आम्हाला फक्त कामाच्या गोष्टी सांगतात. मला वाटायचं, चांगलं चाललंय." ती आत गेली, आतून तिचा चढलेला आवाज आला, मग दार उघडून तिने मला खूण केली.

ते उशीला टेकून बसले होते. दाढी वाढलेली, हातावर सुईची पट्टी. हॉस्पिटलच्या झग्यात माणूस अर्धा होतो.

"दुसरा नट आणलाय," ते म्हणाले. "इंग्रज आहे. मी ओळखतो त्याला. चांगला आहे."

"सर, मला माफी मागायची नाहीये," मी म्हटलं. मी घरून काहीतरी वेगळं ठरवून गेले होते, पण तोंडातून हेच आलं.

"मागूही नकोस." ते छताकडे बघत होते. "तिथे वर मला मरणाची भीती नाही वाटली. कसली वाटली सांगू? मी मेलो तर ते मला सिनेमातून कापून टाकतील याची. चार शॉट झालेले, तेही काढावे लागतील. म्हणून म्हटलं, थांबवू नकोस. मूर्खपणा आहे, पण तिथे तेच खरं वाटत होतं."

मी खुर्ची ओढून बसले. मुलगी पाठमोरी, त्यांचे कपडे घडी करून बॅगेत भरत होती. तिचे हात थांबले होते.

"मला बाटली पडल्याचं ऐकू आलं," मी म्हटलं. "खालपर्यंत."

"हो?" ते माझ्याकडे वळले. "मला नाही आलं ऐकू. मला नुसतं माझं हृदय ऐकू येत होतं. मग तुमची गाडी." थोडं थांबून म्हणाले, "तू काय ओरडलीस तिकडे? ड्रायव्हर सांगत होता, कुठल्यातरी भाषेत ओरडली."

मी सांगितलं. त्यांनी तो शब्द म्हणून पाहिला. थांबवा. थ त्यांना काही केल्या जमेना, आणि त्यांच्या मुलीला हसू आलं. डोळे पुसत ती म्हणाली, "डॅड, ही तुम्हाला आणखी एक शब्द शिकवेल तर बरं होईल. हो. दुखतं का विचारलं की म्हणायचा, हो." ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात लांब केला, आणि ती बॅग सोडून त्यांच्याजवळ जाऊन बसली. मी उठले. दार लावताना ते तिला काहीतरी सांगत होते, हळू आवाजात. मी ऐकलं नाही. ऐकायचं नव्हतं.

नंतर ते घरी गेले. सिनेमा दुसऱ्या नटाला घेऊन पुरा झाला. चीफने शब्द पाळला. हिवाळ्यात आम्ही जिझानला कोळ्यांवरच्या एका माहितीपटाचं काम करत होतो. बंदरावर बर्फाची खोकी उतरवण्याचा गलका चालला होता, मी बूम धरून उभी होते, आणि फोन वाजला. अमेरिकेचा नंबर. मी खोक्यांच्या आडोशाला गेले.

"काम मिळालं," पलीकडून आवाज आला. "फर्निचरच्या दुकानाची जाहिरात. मी आरामखुर्चीवर बसतो आणि झोपतो. बोलायचं काही नाही. दुसऱ्या टेकला खरंच झोपलो. तोच घेतला त्यांनी."

मी हसले. मग विचारलं, "दुखतं का?"

 मी फोन कानाला घट्ट दाबला. ट्रॉली खडखडत गेली, कुणीतरी अरबीत ओरडलं.

"जिना चढताना थोडं," ते म्हणाले. "मुलीला सांगितलंय."